वाळपईच्या पुढे कुळागरातली ‘ब्लॅक होल नाइट’: चार स्टार, पण पोस्टरवर विश्वास ठेवू नका

व्याख्यान, मग दुर्बिणीतून आकाश, असा हा रात्रभराचा कार्यक्रम. साडेचार स्टार देणार होतो, अर्धा पोस्टरपायी कापला. पोस्टरवर मोठ्या अक्षरात "या आणि डोळ्यांनी ब्लॅक होल बघा" असं लिहिलंय आणि मागे तो गाजलेला नारिंगी कड्याचा फोटो. आता तो फोटो काढायला २०१७ मध्ये जगभरातल्या आठ रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी एकाच दिशेला लावल्या होत्या आणि तो लोकांसमोर यायला १० एप्रिल २०१९ उजाडला, तो काय गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागराच्या (म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेच्या) अंगणात दहा इंची दुर्बिणीतून दिसणार आहे का? आमच्या बॅचमध्ये पर्वरीचं एक जोडपं होतं, ते खरंच तसं समजून आले होते आणि नंतर बराच वेळ तोंड पाडून बसले होते. चूक त्यांची नाही. जाहिरात तशी करू नका एवढंच.

जागेचं नाव इथे टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मालक आमच्या मावशीच्या सासरकडचे निघाले (गोव्यात हे होतंच). पणजीहून साखळी, वाळपई करत साधारण दीड तास, शेवटचा पट्टा कच्चा आहे पण छोटी गाडी जाते. नेटवर्क वाळपई सोडलं की गेलंच समजा. माणशी १५०० रुपये, मुलांना अर्धे, त्यात जेवण, व्याख्यान, दुर्बीण आणि झोपायला गादी. अमावास्येच्या आसपासच्या शनिवारीच ठेवतात. आम्ही एप्रिलमध्ये गेलो, मी, आई आणि फोंड्याचा भाचा, जो नववीत आहे आणि ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, छानच होतं, अळसांद्याचं तोणाक, उंडे, खतखतें आणि सोलकढी, आणि वाढणाऱ्या मावशी ताट रिकामं दिसलं की विचारत नाहीत, वाढतात. उर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन असूनही दुर्बिणीजवळ उर्राक बंद असा नियम आहे, मला पटला, सगळ्यांना पटला नाही.

आता मुख्य गोष्ट. व्याख्यान देणारे सर आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले, मराठीत बोलतात आणि मधेच रंगात आले की कोकणीत घसरतात, त्यामुळे मजा येते. विषय होता गॅलक्सीच्या (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या) मधोमध बसलेली ही राक्षसी ब्लॅक होल एवढी मोठी होतात कशी. मला वाटलं होतं नेहमीचं असणार, प्रकाशसुद्धा सुटत नाही, वेळ थांबते, ओह वॉव, संपलं. तसं अजिबात नव्हतं. सरांनी बसल्या बसल्या पहिलंच सांगितलं की ब्लॅक होल काही शोषून घेत नाही. सूर्याच्या जागी बरोबर तेवढ्याच वजनाचं ब्लॅक होल ठेवलं तर पृथ्वी आत्ता फिरते तशीच फिरत राहील, आपण थंडीने मरू ती गोष्ट वेगळी. मग पुढचा पाऊण तास त्यांनी एकच प्रश्न लावून धरला की जर ते ओढत नाही तर त्याच्या पोटात जातं कसं, आणि हे मला सगळ्यात आवडलं, की त्यांनी विषय सोडला नाही.

सुरुवात १९६३ पासून केली. मार्टेन श्मिट नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने ‘थ्री सी २७३’ ह्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचा वर्णपट बघितला आणि लक्षात आलं की ह्यातल्या हायड्रोजनच्या रेषा जवळजवळ १६ टक्के लाल बाजूला सरकल्यात (जितकं सरकणं जास्त तितकं अंतर जास्त), म्हणजे हा आपल्या आकाशगंगेतला तारा वगैरे नाही, दोनशे कोटी प्रकाशवर्षांच्याही पलीकडचं काहीतरी आहे. आणि तरी एवढं तेजस्वी, म्हणजे अख्ख्या आकाशगंगेच्या शंभर पटीहून जास्त. वर ह्या असल्या ठिपक्यांचा, म्हणजे क्वेसारांचा, प्रकाश काही महिन्यांत कमीजास्त होतो, म्हणजे तो येतो ती जागा फार मोठी असूच शकत नाही, कारण एखादी गोष्ट प्रकाश तिच्या आरपार जायला लागतो त्यापेक्षा झपाट्याने एकदम उजळू शकत नाही. एवढ्याशा जागेतून एवढी ऊर्जा! पुढच्याच वर्षी सालपीटर आणि झेलदोविच ह्या दोघांनी, एक अमेरिकेत आणि एक रशियात, वेगवेगळं तेच सुचवलं की हे मोठं ब्लॅक होल वायू गिळतंय. हायड्रोजन जाळून तारे वस्तुमानाच्या ०.७ टक्के एवढीच ऊर्जा काढतात, ब्लॅक होलमध्ये पडता पडता वायू तापतो त्यातून साधारण १० टक्के निघते. मग १९६९ मध्ये लिंडन-बेल म्हणाले की असे क्वेसार पूर्वी खूप होते, आता विझलेत, तर ती विझलेली ब्लॅक होल गेली कुठे? आपल्या शेजारच्या साध्या गॅलक्सींच्या पोटात गुपचूप बसलेली असणार. तिथे आमच्या आईने "मग आपल्याकडे पण?" असं विचारलं आणि सर म्हणाले, "थोडें राव, बाय, अडीच वाजतां दाखयतां."

आता खाण्याचा प्रश्न. मोठा क्वेसार तेवढा पेटता ठेवायला वर्षाला काही सूर्यांएवढा वायू आत जायला हवा, खूप तेजस्वी असेल तर दहाच्या आसपास. गॅलक्सीत वायू भरपूर आहे, अब्जावधी सूर्यांएवढा. अडचण ही की तो सगळा गोल फिरतोय. फिरणारी गोष्ट आत पडत नाही, फिरतच राहते, चंद्र पडत नाही तसंच. म्हणजे हजारो प्रकाशवर्षांवरून वायूला सूर्यमालेएवढ्या जागेत आणायचं तर त्याचं ते फिरणं जवळजवळ सगळं काढून दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागतं. आणि ब्लॅक होलचा स्वतःचा वट किती, तर आपल्या आकाशगंगेच्या मधे जे आहे त्याचं गुरुत्वाकर्षण जेमतेम दहाएक प्रकाशवर्षांपर्यंत चालतं, त्यापुढे आजूबाजूच्या ताऱ्यांचं वजनच जास्त. आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे. म्हणजे मधे बसलेल्याला बाहेरच्या वायूची काही खबरच नाही. ब्लॅक होल खादाड असतं हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, खरं तर ते बहुतेक काळ उपाशी असतं कारण जेवण त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मग पोचतं कसं, तर टप्प्याटप्प्याने. दोन गॅलक्सी एकमेकींवर आदळल्या की सगळा वायू ढवळून निघतो आणि बराचसा मध्याकडे कोसळतो, किंवा गॅलक्सीच्या मधे ताऱ्यांचा दांडा असतो (आपल्या आकाशगंगेत पण आहे) तो वायूला ढकलून आत आणतो. पण असा आलेला वायू मधल्या काहीशे प्रकाशवर्षांत अडकतो आणि तिथे त्याचे तारेच बनून जातात, म्हणजे दारात येऊन परत दुसऱ्याच्या ताटात. जो थोडा आणखी आत जातो त्याची ब्लॅक होलभोवती तबकडी तयार होते आणि त्या तबकडीत चुंबकीय क्षेत्र आतल्या वायूचा वेग काढून बाहेरच्याला देतं, मग आतला हळूहळू आत घसरतो. हा चुंबकीय भाग १९९१ मध्ये बाल्बस आणि हॉली ह्यांनी दाखवला. सरांनी इथे कॉम्प्युटर सिम्युलेशनचा व्हिडिओ लावला, तो तीनदा अडकला. प्रोजेक्टर बदला प्लीज, बाहेर चादरीवर दाखवता ते ठीक आहे पण लॅपटॉप तरी बरा घ्या.

समजा जेवण पोचलं, तरी मनासारखं खाता येत नाही. आत पडणारा वायू इतका तापतो आणि इतका प्रकाश फेकतो की त्या प्रकाशाचाच दाब मागून येणाऱ्या वायूला बाहेर ढकलायला लागतो. होळीसारखं आहे हे, लाकडं टाकली की आग भडकते, आग भडकली की झळ लागून लोक मागे सरकतात, मग पुढचं लाकूड टाकायला जवळ जाणार कोण. ह्या मर्यादेला एडिंग्टनचं नाव आहे. मर्यादेला टेकून, न थांबता खाल्लं तर ब्लॅक होलचं वजन दुप्पट व्हायला साधारण तीन कोटी वर्षं लागतात.

आणि इथे सरांनी जे केलं त्यासाठी मी परत जाईन. फळ्यावर १०० लिहिलं. म्हणाले मोठा तारा मेला आणि शंभर सूर्यांच्या वजनाचं ब्लॅक होल झालं, आता मुलांनो दुप्पट करत चला, प्रत्येक दुप्पट म्हणजे तीन कोटी वर्षं. पाच-सहा पोरं होती, सगळी ओरडायला लागली, दोनशे, चारशे, आठशे, आमचा भाचा तर वहीच घेऊन बसला. दहा वेळा केलं तर लाखाच्या वर. वीस वेळा केलं तर दहा कोटींच्या वर. चोवीस वेळा झालं तेव्हा १६० कोटींच्या पुढे गेलं, सरांनी "थांबा" म्हटलं. चोवीस गुणिले तीन, ७२ कोटी वर्षं. मग म्हणाले, २०२१ मध्ये एक क्वेसार जाहीर झाला, त्यातलं ब्लॅक होल बरोबर १६० कोटी सूर्यांच्या आसपास, आणि तो दिसतो तेव्हा विश्वाचं वय फक्त ६७ कोटी वर्षं. त्यात पहिले तारे तयार व्हायलाच दहा-वीस कोटी वर्षं गेलेली. म्हणजे एक क्षणही उपाशी न राहता खाल्लं तरी गणित बसत नाही. अंगणात एकदम शांतता झाली, मग एक मुलगी (आठवीतली असेल) म्हणाली की मग सुरुवातच शंभरपासून करायची नाही. सर इतके खूश झाले की तिला फळ्यापाशी बोलावून खडू दिला.

कारण खरोखर एक उत्तर तेच आहे. सुरुवातीच्या विश्वात काही ठिकाणी वायूचे मोठे ढग तारे न होता थेट कोसळून दहा हजार ते लाखभर सूर्यांची ब्लॅक होल झाली असतील, मग लाखापासून १४ दुपटीत काम होतं, ४२ कोटी वर्षं, बसतं. ह्या कल्पनेवर बरीच वर्षं काम करणाऱ्यांमध्ये प्रियंवदा नटराजन आहेत, कोइम्बतूरला जन्मलेल्या, आता अमेरिकेत येल विद्यापीठात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं झालं असेल तर अगदी सुरुवातीला अशा गॅलक्सी सापडतील ज्यांच्यात ब्लॅक होल गॅलक्सीच्या मानाने अवाच्या सवा मोठं असेल. २०२३ मध्ये जेम्स वेब आणि चंद्रा ह्या अवकाशातल्या दोन दुर्बिणींनी मिळून ‘यूएचझेड-१’ ही गॅलक्सी शोधली, विश्वाचं वय ४७ कोटी वर्षं असतानाची, आणि तिच्यातलं ब्लॅक होल तिच्यातल्या सगळ्या ताऱ्यांच्या वजनाच्या तोडीस तोड निघालं. दुसरं उत्तर असं की काही वेळा मर्यादा मोडून भराभर खाल्लं गेलं असेल, ते पण शक्य आहे. वेबला आणखी ते छोटे लाल ठिपके पण ढिगाने दिसलेत ज्यांच्यावरून अजून भांडणं चालू आहेत, सर त्यात फार शिरले नाहीत, बरं केलं.

तोडीस तोड का आश्चर्याचं, तर आपल्या जवळपासच्या गॅलक्सीत तसं नसतं. तिथे ब्लॅक होल हे गॅलक्सीच्या मधल्या फुगवट्याच्या वजनाच्या हजारात एक ते पाच भाग एवढंच असतं. २००० साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी दाखवलं की फुगवट्यातले तारे जेवढ्या वेगाने इकडेतिकडे धावतात तेवढं आतलं ब्लॅक होल जड, आणि हा हिशेब इतका चोख की ताऱ्यांचे वेग मोजले की ब्लॅक होलच्या वजनाचा अंदाज येतो. आता वर लिहिलंय बघा, दहा प्रकाशवर्षांपलीकडे त्याचा वट नाही. मग हजारो प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यांना त्याचं वजन कळतं कसं? हा प्रश्न ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो, आणि नेमका हाच भाग सरांनी घाईत उरकला कारण ताई (दुर्बीण सांभाळतात त्या) मागून घड्याळ दाखवत होत्या. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, पोस्टरपेक्षाही. दुपटीच्या खेळातला थोडा वेळ इकडे द्या हो.

थोडक्यात सांगितलं ते असं की ब्लॅक होल वाढताना जी ऊर्जा बाहेर टाकतं ती अख्खा फुगवटा बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेपेक्षा कित्येक पट जास्त असते. त्यातली थोडी जरी आजूबाजूच्या वायूला लागली तरी वायू तापतो किंवा उडून जातो, नवे तारे व्हायचे थांबतात आणि ब्लॅक होलचं खाणं पण थांबतं. म्हणजे दोघं एकमेकांना लगाम लावत वाढतात. सगळ्यांना हे पूर्ण मान्य आहे असं नाही, काहींचं म्हणणं की नुसत्या टकरी होत होत सरासरीने पण असा हिशेब जमू शकतो. क्वेसार सगळ्यात जास्त पेटलेले होते तो काळ आणि तारे सगळ्यात जास्त जन्मत होते तो काळ मात्र एकच येतो, साधारण हजार कोटी वर्षांपूर्वी. आणि लगाम लागताना प्रत्यक्ष दिसतो ते ययाती तारकासमूहातल्या गॅलक्सींच्या मोठ्या झुंडीत, २५ कोटी प्रकाशवर्षांवर. तिथल्या मधल्या ब्लॅक होलने गरम वायूत बुडबुडे फुंकलेत आणि त्यांच्यापासून दाबाच्या लाटा निघतात, म्हणजे आवाजच. चंद्रा दुर्बिणीने त्या २००३ मध्ये पकडल्या. सूर निघाला काळी पाच, फक्त पेटीच्या मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तकं खाली. आई भजनी मंडळात पेटी वाजवते, तिने लगेच बोटांवर हिशेब घातला की एक सप्तक खाली म्हणजे कंपनं निम्मी, मग ५७ वेळा निम्मी, मग एक लाट यायला किती वेळ? एक कोटी वर्षं, सर म्हणाले. "तोवर समेवर यायचं कोणी," आई म्हणाली.

आता दुर्बीण. दहा इंची डॉब (हाताने फिरवायची साधी दुर्बीण) आहे, चांगली निगा राखलेली, ताईंचा हात एकदम तयार, मोटर नाही काही नाही, उत्तरा फाल्गुनीपासून हळूहळू सरकत साडेअकराच्या सुमारास एम ८७ ही गॅलक्सी लावून दिली. आपण गोव्यात असल्यामुळे ती तेव्हा जवळजवळ बरोबर डोक्यावर येते, मान मोडते पण हवा तिथे सगळ्यात स्वच्छ. दिसतं काय, तर राखाडी गोल डाग, मधे जरा उजळ, कडा कुठे संपते कळत नाही. बस एवढंच. पर्वरीवाले इथेच रुसले. पण व्याख्यान ऐकून आलेल्याला त्या डागाच्या मधे ६५० कोटी सूर्यांचं ब्लॅक होल बसलंय हे माहीत असतं, ज्याची त्रिज्या नेपच्यूनच्या सूर्यापासूनच्या अंतराच्या चौपट आहे, तो नारिंगी फोटो ह्याचाच, आणि प्रकाश निघून साडेपाच कोटी वर्षं झालीत. मग तो डाग डाग राहत नाही. मी दोनदा रांगेत उभा राहिलो.

त्यानंतर सोम्ब्रेरो गॅलक्सी, ही मात्र पहिल्या नजरेतच आवडते, आडवी, बारीक, मधे फुगीर, आणि तिच्यात पण शंभर कोटी सूर्यांच्या घरातलं ब्लॅक होल. मग ताईंनी विचारलं कोणाला थ्री सी २७३ बघायचाय, वेळ लागेल. अर्धे लोक चहाला गेले. राहिलेल्यांना त्यांनी कागदावर छापलेला नकाशा दिला, लाल टॉर्चमध्ये बघायचा, आणि शिकवलं की ठिपक्याकडे सरळ नाही बघायचं, जरा बाजूला बघायचं, मग डोळ्याच्या कडेने दिसतो. आधी काहीच नाही. मग दोन ताऱ्यांच्या पलीकडे एक काहीतरी, सरळ बघितलं की गायब, बाजूला बघितलं की परत. अगदी फालतू ठिपका, त्याहून चांगले हजार ठिपके त्याच नजरेत आहेत. पण १९६३ मध्ये ज्याच्यावरून सगळं सुरू झालं तो हाच, आणि त्याचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, मासा नव्हता, नुसते जंतू. भाच्याला माझ्या आधी दिसला आणि तो ते अजून सगळ्यांना सांगत फिरतोय.

चहाच्या वेळात सरांनी उरलेलं एक सांगून टाकलं, की गॅलक्सी मिसळल्या की त्यांची ब्लॅक होल पण शेवटी एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि एक होतात, वाढायचा हा दुसरा मार्ग, पण वजनाचा बहुतेक वाटा वायू खाऊनच येतो. अशा जोड्यांमुळे अवकाशालाच ज्या सावकाश लाटा येत असाव्यात त्यांची चाहूल जून २०२३ मध्ये जाहीर झाली, आणि त्यात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचा पण हात होता. खोडदला शाळेच्या सहलीत गेलेले दोघे निघाले, मग तिकडेच गप्पा वळल्या.

पूर्वेला घाटाचे डोंगर आहेत त्यामुळे धनु रास वर यायला उशीर लागतो, अडीचला मात्र चांगली हातभर वर होती आणि आकाशगंगेचा पट्टा असा काही दिसला की म्हापशात राहून आपण काय गमावतो ते कळतं. वृश्चिकाच्या नांगीच्या डावीकडे ताईंनी हिरवा लेझर रोखला, इथे बघा, २६-२७ हजार प्रकाशवर्षांवर, आपलं ब्लॅक होल. ४३ लाख सूर्यांचं. दुर्बिणीतून तिथे काहीच दिसत नाही, धूळ आडवी येते. पण इन्फ्रारेडमध्ये एक तारा त्याच्याभोवती १६ वर्षांत एक फेरी मारताना बघितलाय, त्यावरून वजन निघालं आणि त्यासाठी २०२० चं नोबेल गेंझेल आणि आंद्रेया गेझ ह्यांना मिळालं, सोबत वेगळ्या कामासाठी पेनरोझना. १२ मे २०२२ ला ह्याचा पण फोटो आला. सध्या ते अगदीच उपाशी आहे. भाच्याने विचारलं की पूर्वी कधी जेवलं होतं का, सर म्हणाले आकाशगंगेच्या वर आणि खाली २५-२५ हजार प्रकाशवर्षांचे गॅमा किरणांचे दोन फुगे २०१० मध्ये सापडलेत, लाखो वर्षांपूर्वी ते पोटभर जेवल्याची ती खूण असू शकते, नाहीतर मधे एकदम खूप तारे जन्मून फुटले त्याची.

बाकी तक्रारी पटापट. पंचवीस माणसांना एकच दुर्बीण फार कमी, रांगेत उभं राहून पाय दुखतात, आईसाठी खुर्ची मागावी लागली, मागितल्यावर लगेच दिली. डास भयंकर, ओडोमॉस न्याच. एक दादा सारखे मोबाइलचा फ्लॅश मारून रील काढत होते आणि कोणी अडवत नव्हतं, प्रत्येक फ्लॅशला सगळ्यांचे डोळे परत पहिल्यापासून अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं, तर नियम उर्राकला आहे तसा मोबाइलला पण करा. स्लाइड्स सगळ्या इंग्रजीत होत्या, बोलणं मराठीत, ज्यांना इंग्रजी कमी येतं त्यांची ओढाताण. टॉयलेट स्वच्छ पण लांब आणि वाटेवर दिवा नाही (मुद्दाम नाही, कळतं, तरी लाल दिवा लावता येतो). सकाळी कांदेपोहे देतात, पावाची भाजी दिली असती तर बरं.

कोणी जावं, तर ज्यांना बसून ऐकायची आवड आहे त्यांनी. नुसते सुंदर फोटो हवेत तर घरी बसून वेबचे बघा, फुकट आहेत. लहान मुलं दहाच्या वरची असली तर मजा घेतील, त्याखालची अकराला झोपतात. जून ते ऑक्टोबर बंद असतं पावसामुळे. नोव्हेंबरात सुरू झालं की धनु नसते पण नऊ-साडेनऊला देवयानी गॅलक्सी वर असते, तिच्या मधलं ब्लॅक होल आपल्याहून कितीतरी जड, दहा कोटी सूर्यांच्या वर, आणि ती नुसत्या डोळ्यांनी पण दिसते. बुकिंगला फोन लागत नाही, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून ठेवा, मालक संध्याकाळी साखळीला उतरले की उत्तर देतात.